ॲप घेतलं की औषधाची चाचणी सुरू होते?

‘आरोग्याचं ॲप घेतलं की नकळत औषधाच्या चाचणीत आपलं नाव लागतं’, असं कुणालाही वाटू शकतं. भीती समजण्यासारखी आहे. न वाचता ‘मान्य’ आपण सगळेच दाबतो. त्या बटणाने तुमची माहिती जाऊ शकते, आणि तीही काळजीचीच गोष्ट. चाचणीसाठी मात्र वेगळं संमतिपत्र लागतं. औषध कोणतं, धोके काय, मधेच बाहेर पडण्याचा हक्क, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं, मग सही कागदावर असो वा मोबाइलवर. ॲपला जोडलेलं स्मार्ट घड्याळ नाडी आणि झोप नोंदवतं, दवाखान्याच्या फेऱ्या वाचवतं, एवढंच. शंका आली तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यात 2008 पासून चाचणीची सार्वजनिक नोंद आवश्यक आहे. तो क्रमांक ऑनलाइन शोधून पाहता येतो.