काच खाणारं दुबळं आम्ल

एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी मला विचारलं होतं, "हायड्रोफ्लोरिक ऍसिड स्ट्रॉंग की वीक?" मी म्हटलं, "वीक, सर." त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. उत्तर बरोबरच होतं. त्याच वेळी शेजारच्या खोलीत त्या आम्लाची बाटली कुलपात होती. तिला हात लावायची वेळ आली की आमचे मामा (लॅब असिस्टंटना आम्ही सगळे मामाच म्हणायचो) आधी गुडघ्याखाली येणारा रबरी ऍप्रन चढवत आणि आम्हाला दोन पावलं मागे सरकवत. हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, सल्फ्युरिक या 'स्ट्रॉंग' मंडळींच्या काचेच्या बाटल्या ते दुधाच्या पिशव्या उचलाव्यात तशा उचलायचे. 'वीक' बाटली मात्र प्लास्टिकची होती, आणि ती ते दोन्ही हातांनी धरायचे.

ती प्लास्टिकची का, हे कळलं की अर्धी गोष्ट कळते. आम्ही भूशास्त्राचे विद्यार्थी. सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, विरघळवून त्यात कोणती मूलद्रव्यं किती आहेत हे मोजायचं काम. बेसाल्टचा साधारण निम्मा भाग सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं संयुग असतो. सोनं विरघळवणारं आम्लराजसुद्धा या दगडाला पुरतं विरघळवू शकत नाही, कारण सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची मिठी त्याला सोडवता येत नाही. ती सोडवतो फ्लोरिन. सिलिकॉनला ऑक्सिजनपेक्षाही फ्लोरिनची ओढ जास्त, म्हणून हायड्रोफ्लोरिक आम्लात दगड साखरेसारखा विरतो. काच म्हणजेही मुख्यतः सिलिकाच. तेव्हा या आम्लाला काचेच्या बाटलीत ठेवणं म्हणजे गुळाच्या डब्यात मुंगळे ठेवण्यासारखं.

हा अनुभव नीट नोंदवला तो कार्ल शेले या स्वीडनमधल्या औषधविक्याने, 1771 मध्ये. फ्लोरस्पार नावाचं खनिज त्याने सल्फ्युरिक आम्लाबरोबर तापवलं, आणि ज्या काचेच्या भांड्यात तापवलं ते भांडंच आतून कुरतडलं गेलं. हे खनिज आपल्याला परकं नाही. गुजरातेत छोटा उदेपूरजवळच्या आंबाडोंगरला त्याचा मोठा साठा आहे, आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही ते सापडतं. जांभळं, हिरवं, पिवळं, दिसायला गोड. खनिज म्हणून अगदी निरुपद्रवी: कॅल्शियम आणि फ्लोरिन एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पाण्यातही ते जेमतेम विरघळतं. ही घट्ट पकड लक्षात ठेवा, पुढे तिच्याशीच काम आहे.

शेलेनंतरची शंभर वर्षं रसायनशास्त्रज्ञ या आम्लातून फ्लोरिन वेगळा काढायच्या मागे होते, आणि आम्ल त्यांच्या मागे. हंफ्री डेव्ही आजारी पडला. गे-ल्युसाक आणि तेनार यांनी वाफेचा त्रास भोगला. आयर्लंडच्या नॉक्स बंधूंना विषबाधा झाली. बेल्जियमचा लुयेट आणि फ्रान्सचा निक्लेस यांचा तर जीवच गेला. शेवटी 26 जून 1886 रोजी पॅरिसमध्ये ऑंरी म्वासांला फ्लोरिन मिळाला, 1906 मध्ये नोबेलही मिळालं, आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत, चोपन्नाव्या वर्षी तो गेला. त्याच्या मृत्यूचा दोष फ्लोरिनवर टाकायची प्रथा आहे. मला ती जरा ओढूनताणून वाटते, पण बाकीची यादीच पुरेशी बोलकी आहे.

आता त्या 'वीक'कडे येऊ. रसायनशास्त्रात आम्ल प्रबळ की दुबळं हे ते किती भाजतं यावर ठरत नाही. पाण्यात टाकल्यावर त्याचे किती रेणू फुटून हायड्रोजनचे आयन (विद्युतभार असलेले कण) मोकळे करतात, यावर ठरतं. हायड्रोक्लोरिकचे जवळजवळ सगळेच फुटतात. हायड्रोफ्लोरिकच्या पातळ द्रावणात शंभरातले जेमतेम सातआठ. बाकीचे नव्वदएक रेणू हायड्रोजन आणि फ्लोरिन यांची जोडी न मोडता तसेच फिरत असतात. परीक्षेपुरतं उत्तर इथे संपतं.

कातडीच्या दृष्टीने खरी अडचण इथेच सुरू होते. फुटलेल्या आयनावर विद्युतभार असतो, आणि आपल्या पेशींचं स्निग्ध आवरण भार असलेल्यांना सहजी आत घेत नाही. म्हणून प्रबळ आम्ल वरच्या थराशीच मारामारी करतं. कातडी भाजते, आपण ओरडतो, नळाकडे धावतो. न फुटलेला लहानसा रेणू मात्र भारहीन असतो. तो दाराशी भांडत नाही, पाहुण्यासारखा आत येतो. त्वचा, तिच्याखालची चरबी, स्नायू, असा खोल उतरत हाडापर्यंत जातो, आणि आत गेल्यावर फुटतो. तिथे मोकळा झालेला फ्लोरिनचा आयन, म्हणजे फ्लोराइड, शोधतो कॅल्शियम. आंबाडोंगरची घट्ट पकड इथे पुन्हा दिसते, फक्त या वेळी दगडात नव्हे, मांसात.

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आणि दात आठवतात. पण ज्यांच्या घरी गुरं आहेत त्यांना दुसरं दृश्य ठाऊक असतं. चांगली दुभती गाय विते, आणि एकदोन दिवसांत बसकण मारते. मान पोटाकडे वळवलेली, कान गार, उठायचं नाव नाही. दुग्धज्वर. डॉक्टर येऊन शिरेतून कॅल्शियमची बाटली चढवतात, आणि मघाशी मेल्यासारखी पडलेली गाय बघता बघता उभी राहते. तिच्या हाडांत तेव्हाही किलोंनी कॅल्शियम असतं. कमी पडलेलं असतं ते रक्तातलं, सगळं दूध तयार करण्यात खर्ची पडलेलं. स्नायू आणि हृदय चालतं ते या रक्तातल्या मूठभर कॅल्शियमवर.

माणसाच्या बाबतीत हे मूठभर म्हणजे किती? रक्तद्रवात लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास, आणि रक्तद्रव साधारण तीन लिटर. म्हणजे सगळं मिळून तीनशे मिलिग्रॅम. तेवढं कॅल्शियम बांधून टाकायला हायड्रोजन फ्लोराइडही (म्हणजे हेच आम्ल, पाणी वगळून) तीनशे मिलिग्रॅमच लागतं. बाजारात मिळणाऱ्या सत्तर टक्क्यांच्या आम्लाचे सातआठ थेंब! हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात अंगावर पडलेलं सगळं आत जात नाही, आणि हाडं आपल्या साठ्यातून रक्ताला पुरवठा करत राहतात. पण हिशेबाचा आकार बघा. इतर आम्लांनी माणूस मरायला अंग मोठ्या प्रमाणावर भाजावं लागतं. तीव्र हायड्रोफ्लोरिकने शरीराचा अडीच टक्के भाग भाजूनही माणसं दगावली आहेत. आपला तळवा बोटांसकट साधारण एक टक्का धरतात. अडीच तळहात. मृत्यू येतो तो भाजल्यामुळे नव्हे, हृदयाची लय बिघडून.

याहून फसवी गोष्ट म्हणजे वेळ. पन्नास टक्क्यांहून तीव्र आम्ल लागलं तर लगेच कळतं. वीस ते पन्नास टक्क्यांचं असेल तर दुखायला एक ते आठ तास लागू शकतात. वीसच्या खाली असेल तर कधीकधी पूर्ण दिवस. तोवर कातडी लाल सोडा, ओलीसुद्धा वाटत नाही. माझ्या एका वर्गमित्राच्या हातमोज्याला टाचणीएवढं भोक होतं. दुपारी काम आटोपून, हात धुऊन तो हॉस्टेलवर आला, रात्री जेवला, झोपला. दोन वाजता उठून बसला. उजव्या तर्जनीच्या नखाखाली कोणीतरी तापलेली सुई फिरवतंय असं म्हणायचा. बोटावर बघायला काही नाही, किंचित पांढुरकं. आम्ही बिनडोकांनी त्याला दुखणं थांबवायची गोळी दिली. ती खडीसाखरेइतकीच उपयोगी पडली. पेशींतलं कॅल्शियम कमी झालं की पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि मज्जातंतू विनाकारण पेटत राहतात, हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत! सकाळी मामांना कळलं तेव्हा त्यांनी आधी त्याला दवाखान्यात धाडलं, मग आम्हाला झापलं. नख गेलं, बोट राहिलं.

तो नशीबवान. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे 1994 मध्ये एका प्रयोगशाळेतला सदतीस वर्षांचा तंत्रज्ञ दगडातून परागकण वेगळे काढत होता. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे परागकण खडकात अडकलेले असतात. भोवतालचा खडक हायड्रोफ्लोरिकने विरघळवला की ते सुटे होतात, म्हणून या क्षेत्रात हे आम्ल रोजच्या वापरात असतं. तो बसून काम करत होता आणि सत्तर टक्क्यांचं आम्ल त्याच्या मांडीवर सांडलं, कपाच्या आसपास. हातात रबरी मोजे होते, ऍप्रन नव्हता. जवळ कोणी नव्हतं. त्याने बारीक धारेच्या नळीने पाय धुतला, मग धावत जाऊन मागच्या पोहण्याच्या तलावात उडी घेतली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिथेच थांबला. कॅल्शियमचं मलम त्या जागी नव्हतं. आठवड्याभरात पाय कापावा लागला, पंधराव्या दिवशी तो गेला.

त्याच्या हातून काय चुकलं, यापेक्षा आधी काय नव्हतं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उभ्याने काम करण्याची सोय, लांब ऍप्रन, शॉवर, सोबतीला दुसरा माणूस, आणि एक ट्यूब. शेवटचे दोन तर फुकटात पडल्यासारखे.

ट्यूब असते कॅल्शियम ग्लुकोनेटच्या अडीच टक्के जेलची. तत्त्व सोपं आहे: फ्लोराइडला कॅल्शियमच हवंय ना, मग रक्तातलं आणि पेशींतलं घेण्याआधी आपणच पुढे करायचं. आम्ल लागलं, किंवा लागल्याची नुसती शंका आली, की कपडे, मोजे, घड्याळ, अंगठी उतरवत उतरवतच वाहत्या पाण्याखाली जायचं. जेल हाताशी असेल तर पाच मिनिटं धुऊन ते चोळायला लागायचं. नसेल तर निदान पंधरा मिनिटं धूत राहायचं आणि दवाखाना गाठायचा. चोळणाऱ्यानेही हातमोजे घालायचे, नाहीतर एकाचे दोन रुग्ण होतात. दुखत नाही म्हणून घरी जायचं नाही. दवाखान्यात बाटलीवरच्या नावाचा फोटो दाखवायचा, कारण नुसतं "ऍसिड सांडलं" म्हटलं की नेहमीच्या भाजण्याचे उपचार होतात आणि हृदयाचा आलेख (ईसीजी) काढायचा राहून जातो. गरज पडली तर डॉक्टर कॅल्शियम ग्लुकोनेट टोचून देतात, आणि ते इंजेक्शन बहुतेक सगळ्या रुग्णालयांत असतंच. भाग बधिर करून दुखणं थांबवण्याचा मोह मात्र अनुभवी डॉक्टर टाळतात. कॅल्शियम पुरेसं पोचलं की नाही, हे दुखणं कमी होण्यावरूनच कळतं. डोळ्यांत उडालं तर फक्त पाणी, भरपूर पाणी, आणि धावपळ. गिळलं गेलं असेल तर उलटी करवायची नाही.

मोज्यांविषयी एक. कोविडनंतर घरोघर पोचलेले ते पातळ निळे नायट्राइलचे मोजे या आम्लासाठी आतले मोजे म्हणून ठीक आहेत. त्यांच्यावर जाड निओप्रीनचे किंवा ब्युटाइल रबराचे लांब मोजे हवेत, आणि घालण्यापूर्वी फुंकून भोक नाही ना हे बघायचं. आमच्या मित्रानंतर मामा हे स्वतः करून घेत, प्रत्येकाकडून, लहान मुलाकडून फुगा फुगवून घ्यावा तसे.

वाफेचं वेगळं प्रकरण. पाणी न मिसळलेलं हायड्रोजन फ्लोराइड 19.5 अंश सेल्सिअसला उकळतं. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे द्रव, दुपारी वायू! असा वायू फुप्फुसांत गेला तर तिथे पाणी साचतं. दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात 27 सप्टेंबर 2012 रोजी कारखान्यात टाकी रिकामी करताना सुमारे आठ टन वायू निसटला. पाच कामगार मेले, हजारो लोकांना उपचार घ्यावे लागले, आसपासची पिकं करपली. प्रयोगशाळेत इतका साठा नसतो, पण फ्यूम हूडची (वाफा बाहेर खेचून नेणाऱ्या कपाटाची) काच खाली ओढून काम करायचं ते याच कारणासाठी. (वर्षानुवर्षं वापरलेल्या हूडची ही काच धुरकट होते. काच पुसून निघत नाही तेव्हा कळतं की तिला कोणीतरी चाटलंय.)

आपण प्रयोगशाळेत जात नाही, मग आपला काय संबंध, असं वाटत असेल तर हातातला मोबाइल बघा. चिप बनवताना सिलिकॉनच्या चकतीवरचा ऑक्साइडचा थर काढायला हेच आम्ल लागतं. पवईच्या आयआयटीतल्या नॅनो उपकरणांच्या प्रयोगशाळेपासून बड्या कारखान्यांपर्यंत सगळीकडे. टेफ्लॉन, बहुतेक एसींमधला वायू, ऍल्युमिनियम, सगळ्यांच्या मुळाशी ते आहे. थेट हाताशी येतं ते कपड्यांवरचे गंजाचे डाग घालवणाऱ्या, गाडीची चाकं किंवा दगडी दर्शनी भिंती चमकवणाऱ्या काही द्रावांत आणि काचेवर नक्षी उठवायच्या क्रीममध्ये. लेबलवर 'अमोनियम बायफ्लोराइड' दिसलं तरी तेच घराणं समजायचं. लॉंड्रीतला पोऱ्या उघड्या बोटांनी असा द्राव डागावर लावतो तेव्हा त्याला काहीच होत नाही. रात्री होतं. टूथपेस्टमधल्या फ्लोराइडला मात्र या पंक्तीत बसवू नका. ते अत्यल्प आणि क्षाराच्या रूपात असतं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत विहिरींच्या पाण्यातून वर्षानुवर्षं पोटात जाणारं फ्लोराइड दात आणि हाडं बिघडवतं, तो प्रश्न खराच, पण निराळा.

काम संपलं की उरलेलं आम्ल मोरीत ओतायचं नाही आणि काचेच्या बाटलीत तर मुळीच भरायचं नाही. आमच्याकडे फ्यूम हूडमध्ये प्लास्टिकची एक बादली असायची, तिच्यात चुन्याची निवळी. धुतलेल्या भांड्यांचं आम्लपाणी मामा तिच्यात थेंबाथेंबाने सोडत, भडाभडा नाही, कारण पाणी तापून उडतं. हळूहळू निवळी गढूळ होई आणि संध्याकाळपर्यंत तळाशी पांढरा साका बसलेला असे. कॅल्शियम फ्लोराइड. चंद्रपूरच्या जमिनीतून निघतो तोच दगड, फक्त रंग गेलेला.