१ नोव्हेंबर २००५: जुन्या पेन्शनची रेषा कुठे पडली आणि अजून का हलते आहे

मुंबईत सीएसएमटी स्थानकाच्या इमारतीत मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे. तिथे १ जानेवारी २००४ किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन, म्हणजे निवृत्तीनंतर सरकारने आयुष्यभर द्यायची ठरावीक पेन्शन, नाही. रस्ता ओलांडला की महापालिकेचं मुख्यालय लागतं. तिथे ही तारीख ५ मे २००८ होते. मंत्रालयात ती १ नोव्हेंबर २००५ आहे. आणि कुलाब्यातल्या नौदलाच्या जवानाला यातली एकही तारीख लागत नाही, कारण सशस्त्र दलं या बदलातून पहिल्यापासून वगळलेली आहेत. पेन्शनचा हक्क कामाच्या स्वरूपावर किंवा पगारावर नव्हे, तर रुजू होण्याच्या दिवसावर ठरवायचा, हा निर्णय त्या-त्या सरकारने आणि संस्थेने आपापल्या सोयीने घेतला.

तारखेवरून भेद करता येतो का, हा प्रश्न त्याआधीही न्यायालयात गेला होता. ३१ मार्च १९७९ ला किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच पेन्शनचं सुधारित सूत्र देण्याचा केंद्राचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८२ मध्ये अमान्य केला. एकाच योजनेतले पेन्शनर निव्वळ तारखेने दोन गटांत तोडता येत नाहीत, असा निकालाचा गाभा होता. २००३-०५ मध्ये सरकारांनी ही अडचण टाळली ती जुन्यांना हात न लावता. नव्याने येणाऱ्यांसाठी योजनाच वेगळी केली. त्यामुळे बचत लगेच दिसणार नव्हतीच. उलट पहिली पंचवीस-तीस वर्षं सरकारला जुन्यांची पेन्शनही द्यायची आणि नव्यांच्या खात्यात आपला हिस्साही भरायचा, असा दुहेरी खर्च होता. हे तेव्हा पुरेसं सांगितलं गेलं नाही.

राज्यात १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतली ठरावीक पेन्शन, त्यावरचा महागाई भत्ता, अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेणं) आणि कुटुंब निवृत्तिवेतन, हे सगळं नव्यांसाठी बंद झालं. त्याजागी परिभाषित अंशदान योजना आली, म्हणजे पेन्शन ठरलेली नाही, खात्यात भरायचा हिस्सा तेवढा ठरलेला: मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के कपात, तेवढाच सरकारचा हिस्सा. सरकारचा हिस्सा पुढे १४ टक्के झाला. कपातीची कार्यपद्धती ठरायला मात्र २००७ उजाडलं. तोवर रुजू झालेल्यांची मागची कपात नंतर चालू कपातीबरोबर वसूल करावी लागली आणि अनेकांचे हिशेब त्या काळापासूनच जुळत नाहीत. २०१५ पासून ही खाती केंद्राच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेकडे वळवली, तेव्हा मागच्या नोंदींतली ही तूट पुन्हा वर आली.

सगळ्यात वादग्रस्त ठरली ती तारीख. शासन निर्णय निघाला ३१ ऑक्टोबर २००५ ला आणि अंमल दुसऱ्याच दिवसापासून. १ नोव्हेंबरला दिवाळी होती. सरकारी भरती एका दिवसात होत नाही. जाहिरात, परीक्षा, मुलाखत, शिफारस, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी, मग आदेश, यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. एकाच निवड यादीतला वरचा उमेदवार पडताळणीचा कागद उशिरा आल्याने नोव्हेंबरात रुजू झाला आणि खालचा ऑक्टोबरात, तर गुणवत्तेत मागे असलेल्याला पेन्शन आणि पुढच्याला नाही. उशीर कार्यालयाचा, नुकसान उमेदवाराचं. हा अन्याय दुरुस्त व्हायला अठरा वर्षं लागावीत, हे समर्थनीय नाही.

केंद्राने मार्च २०२३ मध्ये, २२ डिसेंबर २००३ च्या अधिसूचनेपूर्वी जाहिरात निघालेल्या पदांवरच्यांना जुन्या पेन्शनचा एकवेळचा विकल्प दिला. त्याच महिन्यात राज्यातले कर्मचारी १४ तारखेपासून आठवडाभर जुन्या पेन्शनसाठी संपावर होते. राज्याचा तसा निर्णय २ फेब्रुवारी २०२४ ला आला: जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची असेल, तर नंतर रुजू झालेल्यालाही जुनी पेन्शन. विकल्प सहा महिन्यांत आणि एकदाच द्यायचा होता. सुमारे २६ हजार जणांना लाभ होईल, असं सरकारने तेव्हा सांगितलं.

कागदावर सोपं दिसणारं हे काम कार्यालयात अडतं ते जाहिरातीपाशी. अर्जाला जाहिरातीची प्रत, शिफारस यादी आणि नियुक्ती आदेश यांचा आधार लागतो. वीस वर्षांपूर्वीचं कात्रण आस्थापना शाखेत सापडेलच असं नाही. जाहिरातीनंतर शुद्धिपत्रक निघून पदसंख्या वाढलेली असेल, तर वाढीव पदांसाठी तारीख कोणती धरायची, हा पुढचा पेच. अनुकंपा नेमणुकीला तर जाहिरातच नसते. तिथे हा निकष लावायचा कसा? विकल्प मंजूर झाल्यावर भविष्यनिर्वाह निधीचं खातं उघडून स्वतःचा हिस्सा तिथे वळवावा लागतो आणि सरकारचा हिस्सा सरकारकडे परत जातो. जुन्या कपातीचे महिने गहाळ असतील, तर ते आधी कोषागाराशी पडताळून घ्यावे लागतात.

खासगी शाळांतल्या शिक्षकांची गाठ याहून घट्ट आहे. तिथे नेमणूक २००५ पूर्वीची असूनही शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालं, म्हणून पेन्शन नाकारली गेली. सरकारच्या मते १ नोव्हेंबर २००५ ला शाळा अनुदानाच्या कुठल्या टप्प्यावर होती ते महत्त्वाचं. शिक्षकांच्या मते आपण कधी लागलो ते.

कुटुंब निवृत्तिवेतन ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाने नव्या योजनेतल्यांनाही मिळू लागलं. २०२४ मध्ये शेवटच्या वेतनाच्या निम्म्या पेन्शनची हमी देणारी सुधारित योजना जाहीर झाली आणि त्याच वर्षी केंद्राच्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेलाही (यूपीएस) राज्याने मान्यता दिली. या एकीकृत योजनेत निम्म्या वेतनाइतक्या पेन्शनसाठी २५ वर्षं सेवा लागते. एखादी व्यक्ती पस्तिशीनंतर सेवेत आली आणि ५८ व्या वर्षी निवृत्त झाली, तर ती ही अट गाठूच शकत नाही. उशिरा भरती झालेल्यांनी या योजनेचा विकल्प भरण्याआधी आपल्या सेवेची वर्षं सेवापुस्तकावरून मोजून घ्यायला हवीत.