जर-तर विमानप्रतिकृती : प्रवासी विमानांच्या किटमधून काल्पनिक लष्करी विमाने

प्रवासी विमानाच्या प्लॅस्टिक किटमध्ये फेरफार करून, प्रत्यक्षात कधीच न बनलेले लष्करी विमान उभे करण्याचा छंद. इंग्रजी बोलणारे हौशी लोक त्याला ‘व्हॉट-इफ’ आणि लाडाने ‘व्हिफ’ म्हणतात; मराठीतला ‘जर-तर’ हा शब्द त्याला चपखल बसतो. पानिपतात विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते, या वादात जी खुमखुमी असते तीच इथेही असते, फक्त हातात गोंद आणि पॉलिश पेपर असतो. बोइंग ७०७ला हिरवा-करडा रंग फासला की काम झाले, असे नाही. हे विमान कोणत्या देशाने, साधारण कोणत्या काळात आणि कोणती नड भागवण्यासाठी घेतले, हे बघणाऱ्याला प्रतिकृतीवरूनच उमगले पाहिजे. विमान खोटे चालेल, त्यामागचे कारण खरे हवे.

आणि कारणे इतिहासात भरपूर सापडतात. लांब पल्ला, ऐसपैस पोट आणि जगभर मिळणारे सुटे भाग या गोष्टी प्रवासी विमानात आयत्याच असतात. म्हणून पाणबुड्या हुडकणे, हवेत इंधन भरणे, रडार घेऊन घिरट्या घालणे अशा तासन्‌तास चालणाऱ्या कामांसाठी लष्करे त्यांच्याकडे वळत आली आहेत. लॉकहीडच्या इलेक्ट्रा विमानाचे धड सुमारे ७ फुटांनी आखूड करून पी-३ ओरायन हे पाणबुडीशोधक विमान तयार झाले. ब्रिटनचे निमरॉड हे कॉमेट ४सी या प्रवासी विमानावर बेतलेले. त्याचे पहिले दोन नमुने तर गिऱ्हाईक न मिळालेल्या कॉमेटमधूनच बनवले होते, आणि त्यातला एक मे १९६७ मध्ये उडाला. मूळ धडाखाली आणखी एक लांबट पोट जोडून त्यात शस्त्रे ठेवली होती. आजच्या बोइंग पी-८ पोसायडनचे धड ७३७-८००चे आणि पंख ७३७-९००वर आधारलेले आहेत.

रशियात गाडी उलटीही धावली. तुपोलेव्हचे टीयू-१०४ हे प्रवासी विमान टीयू-१६ या बॉम्बफेकी विमानावरून तयार केले आणि नाकातली नेव्हिगेटरची काचेची जागाही तशीच राहू दिली. टीयू-९५वरून टीयू-११४ हे प्रवासी विमान निघाले आणि त्यावरून पुन्हा टीयू-१२६ हे रडारवाहू लष्करी विमान. टीयू-१०४च्या किटला लष्करी करणे म्हणजे त्याला माहेरी पोचवणे.

सगळ्याच विमानांना असे रूपांतर मानवत नाही. जर्मनीच्या फोकवुल्फ कॉन्डोरने ऑगस्ट १९३८ मध्ये बर्लिनहून न्यूयॉर्क एका दमात गाठले होते. युद्धात त्याच्यावर बॉम्ब लादून त्याला अटलांटिकवर जहाजांच्या मागे धाडले, तेव्हा हलक्या ओझ्यासाठी आखलेले त्याचे धड उतरताना पंखांच्या मागे मोडू लागले. पंखाखाली मिळेल तितकी क्षेपणास्त्रे टांगणाऱ्या नवशिक्याने कॉन्डोरची ही गत आठवावी. जाणकार प्रेक्षक सर्वांत आधी तिथेच बोट ठेवतो.

जर-तरचा सर्वांत कसदार कच्चा माल म्हणजे कागदावरच राहिलेले खरे प्रस्ताव. १९६०च्या सुमारास व्हिकर्सने व्हीसी-१० या विमानाच्या पंखांखाली आठ स्कायबोल्ट क्षेपणास्त्रे टांगण्याचा बेत मांडला होता; डिसेंबर १९६२ मध्ये अमेरिकेने स्कायबोल्टच गुंडाळले आणि बेतही बुडाला. १९७०च्या दशकात बोइंगने ७४७ या जम्बो जेटच्या पोटात छोटी लढाऊ विमाने भरून त्याची उडती विमानवाहू नौका करण्याचा अभ्यास केला. मात्र यातला मुकुटमणी म्हणजे क्रूझ क्षेपणास्त्रे वाहणारे ७४७. जून १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी बी-१ बॉम्बर रद्द केले, तेव्हा ‘महागड्या बॉम्बरऐवजी मालवाहू जम्बोच का नको?’ हा प्रश्न पुढे आला. पोटात नऊ फिरते चरक, प्रत्येकावर आठ, अशी ७२ क्षेपणास्त्रे. चरक रुळांवरून मागे सरकवायचे आणि शेपटीजवळच्या दारातून एकेक क्षेपणास्त्र बाहेर टाकायचे, अशी योजना होती. १९८१ मध्ये रेगन यांनी बी-१ पुन्हा सुरू केले आणि हे जम्बो कागदावरच राहिले. गंमत अशी, की प्रतिकृती करणाऱ्याला यात फारसे काही करायचेच नसते. सगळा दारूगोळा आत, बाहेर एक दार तेवढे. बांधायला सोपे आणि पटवायला अवघड असे हे विमान आहे. म्हणून बरेच जण दार उघडे दाखवून आतला एखादा चरक तरी दिसेल अशी सोय करतात.

अलीकडचे उदाहरण अमेरिकी इंधनवाहू विमानाचे. फेब्रुवारी २००८ मध्ये एअरबस ए३३०वर आधारलेल्या केसी-४५ची निवड जाहीर झाली, बोइंगने तक्रार केली, ती ग्राह्य धरली गेली, आणि २०११ मध्ये कंत्राट बोइंगच्या ७६७ला मिळाले. ए३३०चे किट घेऊन त्यावर अमेरिकी हवाई दलाचा करडा रंग आणि चांदणी चढवली, की इतिहासाचा एकच सांधा बदलतो. मला स्वतःला असल्या एका सांध्याच्या प्रतिकृती जास्त आवडतात. डझनभर तोफा लावलेल्या काँकॉर्डपुढे माणूस हसतो आणि पुढे सरकतो.

कामाचे प्रमाण बहुधा १/१४४ असते, म्हणजे प्रतिकृतीची लांबी खऱ्या विमानाच्या १४४व्या हिश्श्याएवढी. लढाऊ विमानांत रुळलेले १/७२ इथे परवडत नाही, कारण त्या मापात जम्बो जवळजवळ मीटरभर लांब होते. १/१४४ मध्ये ते ४९ सेंटिमीटरवर येते आणि ७३७-८०० सुमारे २७ सेंटिमीटरवर. एअरफिक्स, रेव्हेल, झ्वेझ्दा, मिनीक्राफ्ट या कंपन्यांची प्रवासी विमाने याच मापाची. त्याच मापातल्या लष्करी विमानांच्या किटमधून शस्त्रे, अँटेना, हवेत इंधन घ्यायच्या नळ्या उसन्या घेता येतात. अशा उसनवारीला ‘किटबॅशिंग’ म्हणतात. जे कुठेच मिळत नाही ते प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून कापायचे किंवा आता थ्रीडी प्रिंटरवर छापायचे. सेंट्री या अमेरिकी रडारवाहू विमानाच्या पाठीवरची रडारची तबकडी प्रत्यक्षात ३० फूट व्यासाची. १/१४४ मध्ये ती साधारण साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे लोणच्याच्या बाटलीच्या झाकणाएवढी होते. त्या झाकणाचा मोह अनेकांना होतो. पण खरी तबकडी कडेला निमुळती असते, झाकणाची कड उभी, आणि ते लगेच डोळ्यांत खुपते.

खरा घाम निघतो तो खिडक्यांवर. लष्करी विमानाला शंभर-दीडशे खिडक्या कशाला हव्यात? त्या बुजवाव्या लागतात, आणि नुसती लांबी (पुट्टी) भरून भागत नाही, कारण ती वाळताना आकसते आणि रंग दिल्यावर प्रत्येक खिडकी खळीसारखी उमटते. अनुभवी लोक आतून प्लॅस्टिकची पट्टी चिकटवतात आणि बाहेरून फेविक्विकसारख्या झटपट गोंदात खाण्याचा सोडा मिसळून भोके भरतात. हे मिश्रण आकसत नाही. मात्र ते लवकर घासावे, कारण काही तासांनी ते भोवतीच्या प्लॅस्टिकपेक्षा कडक होते आणि मग पॉलिश पेपर प्लॅस्टिकच खातो. एकदोन खिडक्या मुद्दाम ठेवाव्यात. पाणबुडीशोधक विमानात टेहळणी करणाऱ्याला बाहेर बघायला काहीतरी लागतेच, आणि तेवढ्यानेच ते विमान वापरातले वाटते. दुसरी खबरदारी वजनाची. शेपटीला दांडा, नळी, रडार जोडले की विमान मागे कलंडून बसते. म्हणून धड बंद करण्याआधीच नाकात छर्रे किंवा नट-बोल्ट भरून ठेवायचे. हे विसरलेल्यांची विमाने प्रदर्शनात शेपटीखाली टेकू घेऊन उभी असतात.

मापाच्या शुद्धतेबद्दल या मंडळींत कायमचा वाद आहे. केसी-१३५ हे अमेरिकी इंधनवाहू विमान आणि बोइंग ७०७ ही एकाच ‘डॅश ८०’ नमुन्यापासून, म्हणजे १५ जुलै १९५४ रोजी प्रथम उडालेल्या विमानापासून निघाली. पण केसी-१३५चे धड ७०७पेक्षा ४ इंच अरुंद आहे. म्हणजे ७०७च्या किटमधून केसी-१३५ करणे चूक. १/१४४ मध्ये ही चूक ०.७ मिलिमीटर भरते, आणि तेवढ्यावर लोक तावातावाने बोलतात! जर-तर करणाऱ्याला यातून सुटका आहे: त्याचे इंधनवाहू विमान ७०७वरूनच काढलेले, अशी त्याची कथाच असते.

रंगांत कथेचा काळ कळतो. १९८०च्या दशकातले ब्रिटिश विमान असेल तर निमरॉड आणि व्हीसी-१०ला दिलेला ‘हेम्प’, म्हणजे तागासारखा पिवळट-तपकिरी रंग, चालतो. काँक्रीटच्या तळावर उभे विमान वरून चटकन दिसू नये हा त्याचा हेतू होता. त्यानंतरच्या काळासाठी फिके करडे रंग. चिन्हे-अक्षरे डिकलच्या, म्हणजे प्रतिकृतीवर चिकटवायच्या छापील चिन्हांच्या, उरलेल्या पत्रकांतून जमवली जातात. ब्रिटनमध्ये १९६३ साली सुरू झालेल्या प्लॅस्टिक प्रतिकृतिकारांच्या संस्थेत या प्रकाराचा वेगळा गट आहे. टेलफर्डच्या वार्षिक प्रदर्शनात अशा विमानांशेजारी कथेची चिठ्ठी ठेवलेली दिसते. चिठ्ठी दोन ओळींची असावी; पानभर लिहावे लागले तर विमान काही सांगत नाही असे समजावे.

भारतीय चिन्हांकित जर-तरला खऱ्या गोष्टींचा शेजार आहे. एअर इंडियाची सुपर कॉन्स्टेलेशन विमाने हवाई दलाकडे गेली, पुढे नौदलाकडे आली आणि सागरी टेहळणी करू लागली. त्यांतले एक गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात उभे आहे. एचएस-७४८, म्हणजे आपले ‘अ‍ॅव्हरो’, त्याच्या पाठीवर रडारची तबकडी बसवून ‘ऐरावत’ प्रकल्प चालला होता. ११ जानेवारी १९९९ रोजी अरक्कोणमजवळ ते विमान कोसळून आठ जण दगावले आणि प्रकल्प थांबला. त्याची प्रतिकृती ठेवली तर माहीत नसलेला प्रेक्षक ती हमखास काल्पनिक समजेल. दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर मार्च २०२२ पासून पी-८आयचे, म्हणजे पोसायडनच्या भारतीय आवृत्तीचे, एक पथक आहे. अमेरिकी पी-८एच्या किटमधून ते करायचे तर शेपटीला पाणबुडी हुडकणाऱ्या चुंबकीय शोधकाचा दांडा जोडावा लागतो, कारण अमेरिकेने तो वगळला आणि भारतीय नौदलाने मागून घेतला.

सध्या हौशींना खुणावणारे विमान म्हणजे एअरबस ए३२१. एअर इंडियाकडची सहा विमाने घेऊन त्यांवर ‘नेत्र’ या भारतीय रडारवाहू विमानांच्या मालिकेतले पुढचे टेहळणी रडार बसवायची योजना आहे. पाठीवर रडारचा कणा, नाकात आणखी एक अँटेना, शेपटीखाली आणखी काही, अशा अंदाजांवर आज कोणी ते बांधले तर ते जर-तर ठरेल. खरे विमान धावपट्टीवर आले आणि त्याचा कणा दोन मिलिमीटर पुढे निघाला, की तीच प्रतिकृती नुसती चुकलेली ठरेल, आणि मालक बहुधा गोंद सोडवून पुन्हा कामाला बसेल.