कृत्रिम माशी (मासेमारी)

गळाच्या आकड्यावर दोरा, पिसे, लोकर आणि जरीची तार गुंडाळून केलेला नकली कीटक. मुख्यतः ट्राउट माशाला पकडण्यासाठी तो वापरतात. मासा आणि माशी ही जोडी मराठी कानाला गमतीची वाटली, तरी नक्कल घरमाशीची नसते. ती बहुधा मेफ्लाय, कॅडिस अशा पाण्यात वाढणाऱ्या किड्यांची असते. इ.स. २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातले लोक आकड्याला तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून मासे धरतात, असे लिहून ठेवले आहे.

मराठवाड्यात ट्राउट नाही. त्याला साधारण वीस अंशांखालचे, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या मुलखात ते मिळायचे कुठून? भारतात तो इंग्रजी अमलात काश्मीर, कुलू, निलगिरी अशा थंड भागांत आणून सोडला गेला. पैठणच्या नाथसागरात भोई-कहार जाळी टाकतात, हौशी माणूस आकड्याला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावून बसतो. पिसे बांधून मासा धरू म्हणणाऱ्याची इथे चेष्टाच व्हायची. सामान मात्र घरचेच आहे. कोंबड्याच्या मानेची पिसे भारतातून परदेशी माशी बांधणाऱ्यांकडे जात असत. मोरपिसाचे सुटे तंतू आकड्यावर गुंडाळले की किड्याचे चमकदार, लवदार अंग तयार होते. (बीड जिल्ह्यातल्या नायगावच्या मयूर अभयारण्यातून मात्र पीस उचलून आणू नये.) पैठणीच्या पदरातल्यासारखीच जर अंगावर वेढे देऊन लावतात; तिने किड्याच्या पोटाची वळी दिसतात.

बांधताना आकडा टेबलावरच्या छोट्या शिकंज्यात पक्का धरतात. त्याचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक; ट्राउटच्या तरंगत्या माशीला १२ ते १६ नंबर नेहमीचे. दोरा आकड्याच्या टोकाच्या, गळाची दोरी ओवायच्या भोकामागून सुरू करून वाकापर्यंत नेतात. तिथे शेपटीचे तंतू बांधतात, मग मेण लावलेल्या दोऱ्यावर लोकर पिळून अंग भरतात आणि शेवटी मानेचे पीस उभे धरून तीन-चार वेढे देतात. नवखा हमखास चुकतो तो भोकाजवळ: अंग इतके पुढे नेतो की पिसाला आणि शेवटच्या गाठीला जागाच उरत नाही. गाठ दोऱ्याखालून दोरा ओढून बसवतात आणि वर वार्निशचा थेंब सोडतात. तो भोकात गेला तर गळाची दोरी ओवता येत नाही.

पिसाची निवड हा खरा कस. नराचे पीस ताठ असते, पाणी धरत नाही. त्याची माशी तंतूंच्या टोकांवर तरंगते. कोंबडीचे पीस मऊ असते. ते भिजून बुडते आणि प्रवाहात हलत राहते, म्हणून बुडत्या माशीला तेच घेतात. आपल्या डोळ्यांना हुबेहूब दिसणारी माशी मासा नाकारतो आणि चार वेढ्यांची ओबडधोबड माशी गिळतो, असेही होते. तो खालून, उजेडाकडे बघतो. त्याला आकार, छाया आणि हालचाल दिसते. रंगाच्या बारकाव्यांवर रात्री घालवणारे बहुतेक स्वतःच्या हौसेसाठी बांधतात.

एवढ्या हलक्या वस्तूला फेकायला वजन नसते. म्हणून या मासेमारीत दोरीच जड असते आणि माशी तिच्यामागून जाते.

पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटून ती दिव्याभोवती झडते, तळ्यावरही पडते. अशा संध्याकाळी बारके मासे पृष्ठभागावर उसळतात. तेव्हा तपकिरी लोकर आणि गावरान कोंबड्याचे एक पीस बांधलेला बारीक आकडा मराठवाड्यातल्या तळ्यातही चालतो.