ढाक्याला कामासाठी जाताय? पोलीस बंदोबस्त, खाजगी गार्ड आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रं

नाशिकच्या कांद्यापासून आपल्या गिरण्यांच्या सुतापर्यंत बऱ्याच मालाचा बांगलादेशशी धंदा आहे, त्यामुळे तिकडे वातावरण तापलेलं असलं तरी कोणाला तरी ऑर्डरसाठी नाहीतर अडकलेल्या पेमेंटसाठी ढाक्याला जावंच लागतं. मग घरचे आणि ऑफिसवाले दोघंही विचारतात, सोबत एखादा बॉडीगार्ड मिळेल का, पोलीस देतील का. मिळतं, पण कोणाला मिळतं आणि अर्ज कोणी करायचा हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

पहिली गोष्ट, इथून गार्ड घेऊन जायचा विचार सोडून द्या. आपल्याकडच्या सिक्युरिटी एजन्सीज २००५ च्या पसारा कायद्याखाली (खाजगी सुरक्षा एजन्सींचा कायदा) चालतात आणि त्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की परदेशात सुरक्षा पुरवायची असेल तर एजन्सीला राज्याच्या कंट्रोलिंग ऑथॉरिटीची परवानगी लागते आणि ती देण्याआधी केंद्र सरकारला विचारावं लागतं, म्हणजे चार दिवसांच्या ट्रिपसाठी हे होणार नाही. शिवाय आपला शस्त्र परवाना बॉर्डरच्या पलीकडे चालत नाही. एखादा एजंट म्हणाला की आमचा माणूस हत्यारासकट सोबत येईल, तर त्याला तिथेच नाही म्हणा.

आता तिकडचे पोलीस. सरकारी पाहुणे, राजदूत, सरकारी प्रोजेक्टवरचे परदेशी इंजिनिअर यांना संरक्षण मिळतं, धंद्यासाठी आलेल्या साध्या माणसाला स्वतंत्र पोलीस एस्कॉर्ट मिळेल असं धरून चालू नका. मे २०२३ मध्ये तर तिथल्या सरकारने काही देशांच्या राजदूतांचा जादा पोलीस एस्कॉर्टसुद्धा काढून घेतला आणि हवं तर पैसे भरून अन्सार घ्या असं सांगितलं, त्यात आपले राजदूतही होते. अन्सार म्हणजे तिथलं सरकारी सहायक दल, आपल्या होमगार्डपेक्षा बरंच मोठं. फॅक्टऱ्या, बँका, मोठ्या संस्था यांना ते पैसे भरून जवान देतात. पण अर्ज संस्थेचा लागतो, संस्था पगार-भत्ता भरते आणि तैनाती संस्थेच्या जागेवर होते. म्हणून तुम्हाला बोलावणाऱ्या तिथल्या पार्टीला, म्हणजे यजमान कंपनीला, आधी विचारा की तुमच्या फॅक्टरीवर अन्सार आहेत का, असले तर मीटिंग तिथेच ठेवा.

खरं काम होतं ते यजमान कंपनीच्या पत्राने. आपल्यातले बरेच लोक व्हिसासाठी लागणारं निमंत्रण पत्र घेतात आणि तिथेच थांबतात. त्याच वेळी दुसरं पत्रही मागून घ्या, कंपनीच्या लेटरहेडवर, बंगालीत, तिथल्या पोलीस ठाण्याच्या ओसीच्या म्हणजे ठाणे प्रमुखाच्या नावाने. त्यात तुमचं नाव, पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर, येण्या-जाण्याची तारीख आणि फ्लाइट, हॉटेलचा पत्ता, कोणत्या दिवशी कोणत्या फॅक्टरीत किती वाजता, गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव आणि मोबाईल, आणि कंपनीतला एक जबाबदार माणूस, एवढं सगळं आलं पाहिजे. शेवटी एक ओळ, की आपल्या हद्दीत असताना आवश्यक ते सुरक्षा सहकार्य मिळावं ही विनंती. सोबत पासपोर्ट-व्हिसाची झेरॉक्स, कंपनीच्या ट्रेड लायसन्सची कॉपी, ड्रायव्हरचं लायसन्स आणि एनआयडी म्हणजे तिथलं राष्ट्रीय ओळखपत्र. ठाण्यात दिल्यावर दुसऱ्या कॉपीवर पोच शिक्का घ्यायचा आणि त्याचा फोटो तुम्हाला निघायच्या आधी मिळाला पाहिजे. पत्र दिलं म्हणून शिपाई मिळेलच असं नाही, पण रस्त्यात अडवलं किंवा हॉटेलवर चौकशी आली तर तुम्ही कोण आणि कोणाकडे आलात हे पोलिसांच्या दप्तरी असतं, याचा फार फरक पडतो.

आणि एकच पत्र पुरत नाही. गुलशन, बनानी, उत्तरा हे ढाक्यातले भाग ढाका मेट्रोपॉलिटन पोलिसांकडे. गाझीपूरला वेगळं कमिशनरेट आहे. सावर-आशुलिया ढाका जिल्हा पोलिसांकडे येतं. वर गारमेंट पट्ट्यासाठी २०१० पासून वेगळे इंडस्ट्रियल पोलीस आहेत. तुमची फॅक्टरी ज्या हद्दीत तिथे वेगळं पत्र आणि एक कॉपी इंडस्ट्रियल पोलिसांना, कारण पगार थकले की कामगार ढाका-मैमनसिंग हायवे अडवतात आणि रस्ता कधी मोकळा होईल हे सगळ्यात आधी त्यांनाच कळतं.

खाजगी एजन्सी घ्यायची असेल तर बांगलादेशात त्यासाठी २००६ चा कायदा आहे आणि परवाना बंधनकारक आहे. परवान्याची कॉपी मागा आणि मुदत बघा, येणाऱ्या गार्डचं एनआयडी आणि पोलीस व्हेरिफिकेशन मागा, बंदूकवाला देतो म्हणाले तर शस्त्र परवाना कोणाच्या नावावर आणि कशासाठी आहे ते बघा. करार शक्यतो यजमान कंपनीच्या नावाने करा, बिल तुम्ही भरा, म्हणजे काही वाद झाला तर तिथल्या तिथे कोणीतरी उभं राहील. माझं मत विचाराल तर बहुतेकांना हत्यारी गार्ड लागतच नाही, रस्ते माहीत असलेला ड्रायव्हर आणि सोबत बंगाली बोलणारा, साध्या कपड्यातला एक अनुभवी माणूस जास्त कामाचा, कारण मोर्चाच्या गर्दीत बंदूक दिसली की लोकांचं लक्ष तुमच्याकडेच जातं. शाहबाग, पलटन, प्रेसक्लब या मोर्चांच्या बाजूला मीटिंग किंवा हॉटेल घेऊ नका, आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर बैतुल मुकर्रम मशिदीच्या आसपास तर अजिबात नको. शुक्रवार-शनिवार तिथे सुट्टी असते, त्यामुळे रविवार ते गुरुवार असाच दौरा आखा.

इकडची तयारी अशी. व्हिसा बिझनेसचाच काढा, टुरिस्टवर जाऊन मीटिंगा करू नका, कारण वरची पत्रं सगळी व्हिसाच्या प्रकारावर उभी असतात. मुंबईत बांगलादेशचं डेप्युटी हाय कमिशन आहे, पण तणाव वाढला की व्हिसा सेवा कमी-जास्त होते, म्हणून तिकीट काढायच्या आधी चालू आहे का ते विचारा. आपल्या ढाक्यातल्या हाय कमिशनला दौऱ्याची माहिती ईमेलने कळवा, त्यांचे इमर्जन्सी नंबर लिहून ठेवा, आणि त्यांची अॅडव्हायजरी प्रवास टाळा म्हणत असेल तर दौरा पुढे ढकला. इन्शुरन्सच्या पॉलिसीत दंगल, संप, राजकीय अशांतता वगळलीय का ते बारीक अक्षरात शोधा, बऱ्याच स्वस्त पॉलिसीत वगळलेली असते.

ही सगळी पत्रं कागदावर प्रिंट काढून सोबत ठेवा. का म्हणतोय तर जुलै २०२४ मध्ये आंदोलनात मोबाईल इंटरनेट आणि मग ब्रॉडबँड दोन्ही बंद झालं होतं, कर्फ्यू लागला होता, आणि ५ ऑगस्टला शेख हसीनांचं सरकार पडलं त्या दिवशी ढाक्याचा एअरपोर्टही काही तास बंद होता. अशा वेळी व्हॉट्सअॅपवरची पत्रं उघडत नाहीत. सगळ्याचे दोन सेट, एक तुमच्याकडे एक ड्रायव्हरकडे, आणि यजमानाचा लँडलाईन नंबर. सॅटेलाइट फोन मात्र परवानगीशिवाय नेऊ नका, एअरपोर्टवरच अडकाल.

तिथे इमर्जन्सीला ९९९ लावायचा. धमकी आली, पाठलाग वाटला, पासपोर्ट गेला, तर लगेच जवळच्या ठाण्यात जीडी म्हणजे जनरल डायरी करा आणि नंबर असलेली कॉपी घ्या. पासपोर्ट गेला असेल तर तीच जीडी दाखवून हाय कमिशनकडून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, आणि निघताना तिथल्या इमिग्रेशनची परवानगीही लागते, म्हणून पासपोर्ट हरवल्याचं कळल्या दिवशीच ठाण्यात जा आणि यजमानाचा माणूस सोबत घेऊन जा, कारण जीडी बंगालीत लिहितात.