‘डी’पाशी थांबलेला शब्दकोश
कोलंबियाची राजधानी बोगोता इथे स्पॅनिश भाषा-साहित्याच्या अभ्यासाला वाहिलेली एक राष्ट्रीय संस्था आहे, इन्स्तितुतो कारो इ क्वेर्वो. सरकारने ती १९४२ मध्ये कायदा करून उभारली. पण तिची खरी गोष्ट सुरू होते ती त्याआधी सत्तर वर्षं, एका शब्दकोशापासून.

नावातले दोघं एकमेकांचे मित्र. पंचविशीही गाठली नव्हती तेव्हा, १८६७ मध्ये, दोघांनी मिळून लॅटिनचं व्याकरण लिहिलं. मिगेल आंतोनियो कारो पुढे राजकारणात गेले. १८८६ च्या राज्यघटनेवर त्यांचा ठसा आहे, देशाचा कारभारही त्यांनी सांभाळला. रुफिनो होसे क्वेर्वो मात्र भाषा सोडून कुठे गेले नाहीत. थोरल्या भावाबरोबर, आंखेलबरोबर, त्यांनी बोगोतात बिअरचा कारखाना चालवला. त्यातून गाठीला पैसा जमल्यावर १८८२ मध्ये दोघे भाऊ पॅरिसला जाऊन राहिले.

क्वेर्वोंनी १८७२ मध्ये हाती घेतलेला कोश नेहमीचा, अर्थ सांगणारा नव्हता. शब्द वाक्यात कसा वागतो, हे त्यांना दाखवायचं होतं. आपण ‘त्याला भेटलो’ म्हणतो, पण ‘त्याच्याशी बोललो’. क्रियापद बदललं की प्रत्यय बदलतो, आणि का ते विचारलं तर चटकन सांगता येत नाही. स्पॅनिशमध्येही तेच. एखाद्याचं स्वप्न पडलं तर तिथे ‘त्याच्यासह’ स्वप्न पाहिलं असं म्हणतात. अशी प्रत्येक लकब शतकानुशतकांच्या लेखनातले दाखले देऊन नोंदवायची! एका माणसाच्या आयुष्यात हे मावणार कसं? १८८६ मध्ये पहिला खंड आला, १८९३ मध्ये दुसरा, आणि काम ‘डी’ अक्षरापाशी थांबलं. १८९६ मध्ये आंखेल गेले. १९११ मध्ये पॅरिसमध्येच रुफिनो यांचं निधन झालं, तोवर तिसरा खंड निघाला नव्हता.

कारो आणि क्वेर्वो यांची जन्मशताब्दी जवळ आली तेव्हा हे राहिलेलं काम देशाने आपलं मानलं. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट. पुतळे तर कुणीही उभारतं. जेसुइट पंथाचे फादर फेलिक्स रेस्त्रेपो नव्या संस्थेचे पहिले संचालक झाले, आणि अभ्यासकांच्या पिढ्या एकेक शब्द पुढे सरकवत राहिल्या.

मधल्या काळात संस्थेचा पसारा वाढला. बोगोताच्या उत्तरेला येर्बाब्वेना या जुन्या वाड्यात तिचा स्वतःचा छापखाना आला. लुईस फ्लोरेस यांच्या नेतृत्वाखाली अभ्यासक गावोगाव फिरले. कोणत्या वस्तूला कुठे काय म्हणतात, ते लोकांच्या तोंडून टिपून त्यांनी कोलंबियाच्या बोलींचा सहा खंडांचा नकाशासंग्रह तयार केला. ग्रंथालयात बसून हे जमलं नसतं.

कोश १९९४ मध्ये पुरा झाला. आठ खंड, एकशे बावीस वर्षं. १९९९ मध्ये स्पेनचा मानाचा प्रिन्स ऑफ आस्तुरियास पुरस्कार संस्थेला मिळाला. बोगोताच्या जुन्या कांदेलारिया भागातलं क्वेर्वोंचं जन्मघर आज संस्थेकडेच आहे.