शीतयुद्धाची पार्श्वभूमी : ३८ व्या अक्षांशावरची रेघ

१० ऑगस्ट १९४५ ची रात्र. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी सैन्यातल्या दोन कर्नलांना एका खोलीत बसवून काम सांगितलं गेलं : तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या कोरियातल्या जपानी सैन्याची शरणागती कुठवर रशियनांनी घ्यायची आणि कुठून आपण, हे ठरवा. वेळ जेमतेम अर्धा तास. समोर ‘नॅशनल जिओग्राफिक’चा नकाशा. सोल शहर आपल्याकडे यावं एवढा विचार करून त्यांनी ३८ व्या अक्षांशावर बोट ठेवलं. त्या दोघांपैकी डीन रस्क पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. सोव्हिएत संघाचा सर्वेसर्वा स्टालिनने ती रेघ वाद न घालता मान्य केली. कोरियन माणसाला कुणी विचारलं नाही.

भांडवलशाही विरुद्ध साम्यवाद, हे शीतयुद्धाचं उत्तर आपण शाळेत पाठ केलेलं असतं. ते चूक नाही, पण त्यानं सगळा उलगडा होत नाही. विचारसरणीचं भांडण तर रशियातल्या १९१७ च्या क्रांतीपासूनच होतं. १९१८ मध्ये ब्रिटिश, फ्रेंच, अमेरिकी आणि जपानी फौजा रशियाच्या भूमीवर उतरल्या होत्या, आणि अमेरिकेनं सोव्हिएत सरकारला मान्यता दिली ती थेट १९३३ मध्ये. तरीही हिटलरविरुद्ध अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकत्र लढले. मग १९४५ नंतर चारच वर्षांत इतकं काय बिनसलं?

माझ्या मते इथे भीतीचा वाटा तत्त्वज्ञानापेक्षा मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली. अमेरिकेची सुमारे ४ लाख. जर्मन फौज पोलंडच्या वाटेनं आली होती. तेव्हा पोलंडमध्ये आपल्या मुठीतलं सरकार हवं, यावर स्टालिन अडून बसला. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत त्यानं तिथे मुक्त निवडणुकांचं आश्वासन दिलं आणि पाळलं नाही. मॉस्कोला जी आपल्या दाराची कडी वाटत होती, ती लंडन-वॉशिंग्टनला शेजाऱ्याच्या घरात केलेली घुसखोरी दिसली. स्टालिनच्या क्रौर्याला यातून माफी मिळत नाही; पण त्या देशाची धास्ती खरी होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. त्यात हिरोशिमावर बॉम्ब पडला आणि तो फक्त एकाच बाजूकडे होता.

त्यानंतर घटना भराभर घडल्या. मार्च १९४६ मध्ये युरोप दुभंगल्याचं सांगणारं चर्चिलचं ‘पोलादी पडद्या’चं भाषण, १९४७ मध्ये साम्यवाद रोखण्याची अमेरिकी अध्यक्ष ट्रुमनची घोषणा, अमेरिकेच्या मार्शल योजनेतून पश्चिम युरोपाला सुमारे १३ अब्ज डॉलर, १९४८-४९ ची सोव्हिएत संघानं केलेली बर्लिनची नाकेबंदी, एप्रिल १९४९ मध्ये ‘नाटो’ हा पाश्चात्त्य देशांचा लष्करी गट, ऑगस्टमध्ये सोव्हिएत अणुचाचणी, ऑक्टोबरमध्ये माओचा साम्यवादी चीन.

युरोपात या दोन महासत्तांनी एकमेकांवर बंदूक झाडली नाही, म्हणून याला ‘शीत’ म्हणायचं. कोरियात ते शीत नव्हतं. त्या रेघेच्या दोन बाजूंना एव्हाना दोन वेगळे देश झाले होते. २५ जून १९५० ला साम्यवादी उत्तर कोरियाच्या फौजा ती रेघ ओलांडून आल्या. दक्षिणेच्या मदतीला अमेरिकेच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रांच्या फौजा उतरल्या, मग चीन उतरला. लाखो माणसं मेली आणि तीन वर्षांनी सीमा जवळपास होती तिथेच राहिली.

युद्धविराम अडला तो युद्धकैद्यांवर. बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन कैदी मायदेशी परतायला तयार नव्हते. त्यांना सांभाळायला दोन्ही बाजूंना चालेल असा देश हवा होता, आणि ते काम भारताकडे आलं. सुमारे सहा हजार भारतीय जवान गेले. त्यांचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपले कोल्हापूरचे. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांचा भारतावर इतका राग, की आमच्या जमिनीवर पाऊल ठेवू देणार नाही म्हणाले. मग जवानांना इंचॉनच्या समुद्रातल्या जहाजांवरून हेलिकॉप्टरनं उचलून थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं गेलं. तिथल्या तळाला नाव दिलं ‘हिंद नगर’.

पहिल्याच दिवसांत कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओढून आपल्या कुंपणाआड नेलं. थोरात स्वतः आत गेले. चवताळलेल्या गर्दीत उभं राहून बोलत राहिले आणि गोळी न झाडता अधिकाऱ्याला सोडवून आणलं. या मोहिमेच्या अखेरीस ८८ कैदी असे निघाले, ज्यांना उत्तरही नको होती, दक्षिणही नको, चीनही नको आणि माओविरोधी चिनी सरकारचं तैवानही नको. ते भारतीय फौजेबरोबर भारतात आले. अलिप्ततावादावर आपल्याकडे पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली. मला मात्र तो शब्द निघाला की ही ८८ माणसं आठवतात.

पुढची चाळीस वर्षं व्हिएतनाम, अंगोला, अफगाणिस्तान अशी इतरांच्याच अंगणात ही लढाई चालू राहिली. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर गेलं. या चढाओढीतून मदतही वाटली गेली. त्याच्या खुणा महाराष्ट्रात आजही बघायला मिळतात. पवईची आयआयटी १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर सुरू झाली. तारापूरच्या अणुभट्ट्या अमेरिकी. १९६९ मध्ये त्यातून वीज मिळू लागली आणि १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेनं इंधनाला आधी खळखळ केली, मग ते बंदच केलं. नाशिकजवळ ओझरला रशियन मिग-२१ बनू लागली. हवाई दलातलं त्यांचं शेवटचं पथक सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं.

१९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली, १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. कोरियात मात्र २७ जुलै १९५३ चा कागद अजून युद्धविरामाचाच आहे. शांतता करार झालेला नाही. दोन्हीकडे तुटलेल्या कुटुंबांच्या भेटी अधूनमधून घडवल्या जात. ऑगस्ट २०१८ मध्ये कुमगांग पर्वताजवळ अशी एक भेट झाली. तिथे नव्वदी ओलांडलेली एक आई सत्तरी ओलांडलेल्या मुलाला भेटली. युद्धाच्या पळापळीत हात सुटला तेव्हा तो चार वर्षांचा होता. तीन दिवसांनी दोघं आपापल्या बाजूला परतली. त्यानंतर अशा भेटी झालेल्या नाहीत.